पाचची मोटर

विकत घेण्याची वेळ येत नाही तोवर, गाडीसाठी जास्त ताकदीचं इंजिन शोधण्याइतका निरुपद्रवी छंद दुसरा नसावा. इंग्लंडमधले आमचे शेजारी कित्येक वर्षं या छंदात सुखाने गुरफटले आहेत. त्यांची कॅटरहॅम सेव्हन म्हणजे छपराच्या नावाखाली ताडपत्री आणि बसल्या जागेवरून हात सोडला तर बोटं रस्त्याला टेकतील इतकी बुटकी गाडी. सुट्या भागांच्या पेट्या आणून नवरा-बायकोने ती घरीच जोडली. तिचं कुळही मोठं गमतीचं. 1957 साली कॉलिन चॅपमन यांच्या लोटसने 'सेव्हन' काढली, तेव्हा तिथे तयार गाडीवर खरेदीकर असे, सुट्या भागांवर नसे. मात्र सोबत जोडणीच्या सूचना द्यायच्या नाहीत. म्हणून कंपनीने गाडी उकलण्याच्या सूचना दिल्या आणि गिऱ्हाइकांनी त्या शेवटाकडून वाचल्या, असं जाणकार अजून मिटक्या मारत सांगतात. 1973 मध्ये गाडीचे हक्क कॅटरहॅमकडे गेले, त्याच वर्षी व्हॅट आला आणि पळवाट बुजली. पण तोवर लोकांना पाने फिरवण्याची चटक लागली होती.

पहिल्या गाड्या फोर्डच्या 1172 सीसीच्या, जेमतेम 40 अश्वशक्तीच्या इंजिनावर समाधानी होत्या. शेजाऱ्यांच्या गाडीत फोर्डचंच 1600 सीसीचं क्रॉसफ्लो आहे, 84 अश्वशक्तीचं. गाडीचं वजन पाचशे किलोच्या आसपास, त्यामुळे ती पळते म्हणण्यापेक्षा उधळते. तरीही मन दोन लिटरच्या ड्युराटेकवर जडलेलं. मधूनच ते रोव्हरच्या साडेतीन लिटरच्या व्ही-एटकडे वळतं, नाहीतर सुझुकी हायाबुसा मोटरसायकलच्या इंजिनाकडे. या शेवटच्याला रिव्हर्स गिअरच नाही. तिथल्या अरुंद, झुडपांनी दोन्हीकडून दाबलेल्या रस्त्यांवर समोरच्यासाठी मागे सरकणं हा निम्मा शिष्टाचार. ज्याला मागे येता येत नाही त्याच्याशी संसार कसा करायचा, एवढ्यावर ते स्थळ नाकारलं गेलं. ड्युराटेकसाठी गिअरबॉक्स बदलायला हवा. मग हाफ शाफ्ट तो जोर सोसतील का? ब्रेक? रेडिएटर? ऑइल चेंबर जमिनीला घासेल, म्हणून तेही उथळ घ्यायचं. मी एकदा हळूच हिशेब मांडला, की तुम्ही पंधरा किलो उतरवलेत तर वजनाच्या मानाने दोन घोडे फुकट मिळतील. त्यांनी आपल्या पोटाकडे असं पाहिलं, जणू तो सुटा भाग कंपनीने कायमचा बंद केला होता.

माझ्या लहानपणी अश्वशक्ती फक्त विहिरीवर भेटे. मामाने तीनची मोटर काढून पाचची बसवली, त्या दिवशी मळ्यात पेढे वाटले होते. पाण्याची धार मनगटाएवढी होती, ती दंडाएवढी झाली. पाणी मात्र विहिरीत होतं तेवढंच. उसाच्या दोन सऱ्या भिजायच्या राहिल्या आणि मोटर कोरडी घरघरू लागली. हे मी शेजाऱ्यांना मुद्दाम सांगितलं, कारण त्यांचा रोजचा फेरा चार मैलांचा आहे आणि तो लवकर संपला तर उरलेल्या संध्याकाळचं ते काय करणार, हे मला कळत नव्हतं. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि विचारलं, "मग तुमच्या मामांनी विहीर खोल केली असेल?" केली होती. कर्ज काढून केली होती. शेजाऱ्यांचा चेहरा, ओळखीचं माणूस भेटावं तसा उजळला.

खरी अडचण त्यांच्या पत्नीने दाखवली. जुन्या कार्ब्युरेटरची गुरगुर चर्चच्या वळणावरून ऐकू आली की त्या केटल चढवतात. गाडी दारात येते तेव्हा कप भरलेले असतात. नवं इंजिन फार सभ्य आवाजाचं निघालं तर? शेजाऱ्यांच्या वहीत ड्युराटेकच्या पानावर आता तोट्यांची यादी अशी आहे : गिअरबॉक्स, हाफ शाफ्ट, ब्रेक, चहा. पुढच्या पानावर व्ही-एट पुन्हा विचाराधीन आहे. त्याचा आवाज चर्चच्याही पलीकडून येईल, म्हणजे चहाबरोबर टोस्टही होतील, असं त्यांचं गणित.