आधी इगतपुरी, मग पॅरिस

परदेशवारीसाठी कोणतं मार्गदर्शक पुस्तक घ्यावं हे ठरवायला पॅरिसचं पान उघडू नये; तिथली थाप आपल्याला कळणार कशी? त्याच प्रकाशकाच्या भारतावरच्या पुस्तकात इगतपुरी शोधावी. बहुधा धम्मगिरीची विपश्यना सापडेल, १० दिवसांचं मौनही सापडेल. पुढे मात्र पुस्तकानेच मौन धरलेलं. त्रिंगलवाडीचा किल्ला नाही, की ३७ फुटांमागे एक फूट चढणाऱ्या थळ घाटात गाडीला मागून रेटणारी बँकर इंजिनं नाहीत.

कोणी म्हणेल, एका पुस्तकात कोंबायचं तरी किती? मान्य, वगळणं हा गुन्हा नव्हे. पण छापलेलं तरी शिळं नसावं. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. त्यानंतरची ‘सुधारित आवृत्ती’ही मुंबईच्या मोटारीला कसारा घाटाखेरीज वाट नाही म्हणत असेल, तर सुधारलं ते फक्त मुखपृष्ठ (आणि किंमत). अशा पुस्तकाच्या भरवशावर व्हेनिसची बोट गाठायची? राहिले फोनवरचे अभिप्राय. ते ताजे असतात खरे. पण आषाढात धुक्यामुळे दरी दिसली नाही म्हणून घाटाला एकच तारा देणारेही तिथेच भेटायचे.