शेपटीचा माऊस

माऊसला शेपटी असावी की नसावी, यावरून आमच्या घरात दोन तट आहेत. मी शेपटीवाला. चिरंजीव बिनवायरवाले. सौभाग्यवतींचं म्हणणं, दोघांनीही टेबलावरचा पसारा आधी आवरावा.

पूर्वी हा वादच नव्हता. कॉम्प्युटरच्या पाठीला दोन गोल भोकं असायची: जांभळं कीबोर्डचं, हिरवं माऊसचं. आयबीएमने १९८७ साली आणलेली ही पीएस/२ नावाची सोय. टेबलाखाली शिरून, जळमटं डोक्यावर घेत, अंधारात सहा नाजूक पिना अंदाजाने बसवायच्या. एखादी वाकली की घरातला चिमटा गायब. मशीन चालू असताना वायर निसटली, तर परत खोचून बहुधा उपयोग नसे. मशीनच पुन्हा सुरू करायचं. पण कीबोर्ड मोठा बाणेदार! कळ दाबली की आपणहून प्रोसेसरचं दार ठोठावायचा. यूएसबीवर तसं नाही. तिथे कॉम्प्युटरच माऊसला विचारत राहतो, ‘काही हवं-नको?’ तेही सेकंदाला साधारण १२५ वेळा. एवढी विचारपूस आमच्याकडे फक्त नव्या जावयाची होते.

ही यूएसबी १९९६ची. ती घडवणाऱ्या इंटेलच्या चमूचे प्रमुख अजय भट्ट बडोद्यात शिकलेले. बडोदं गायकवाडांचं, म्हणजे निम्मं आपलंच. त्यामुळे ती पहिल्या खेपेला सरळ का बसत नाही, ही तक्रार मी जरा हक्काने करतो. दोन्हीकडून बसणारी करायची तर वायरी दुप्पट, सर्किटं दुप्पट, खर्चही दुप्पट झाला असता, असं त्यांनी सांगितलंय. बडोद्याचा हिशोब, आपण काय बोलणार?

बिनवायरच्या कारभारात मात्र दाद कुणाकडे मागायची तेच कळत नाही. ब्लूटूथचा कीबोर्ड विंडोज सुरू होण्याआधी बहुतेक ठिकाणी मुकाच असतो. म्हणजे बायोसमध्ये शिरायचं तर वायरचा कीबोर्ड शोधा! डोंगलवाला त्या मानाने समजूतदार, पण ते नखाएवढं डोंगल केर काढताना कुठे जाईल सांगता येत नाही. शिवाय ब्लूटूथ काय, डोंगल काय, वायफाय काय, सगळे २.४ गिगाहर्ट्झच्या एकाच बोळातून ये-जा करणार. त्यात यूएसबी ३ची हार्ड डिस्क शेजारी लावली की तीही तिथेच गोंगाट करते. आणि मायक्रोवेव्ह ओव्हन? तोही त्याच बोळातला.

हे मी घरात शास्त्रशुद्ध समजावून सांगितलं.

“अहो, म्हणजे आता आमटी गरम करायची तर तुमच्या माऊसला विचारायचं का?”

चिरंजीव फिदीफिदी हसले. हसू देत. त्यांच्या कीबोर्डातले सेल टीव्हीच्या रिमोटमधले आहेत, आणि माऊसमधला भिंतीवरच्या घड्याळातला. हॉलमध्ये गेल्या आठवड्यापासून सव्वाचार वाजलेत.