काळाबरोबर राहणं

आमच्या भाऊसाहेबांनी नोकरीसाठी मिनिटाला ३० शब्दांचं मराठी टायपिंग पास केलं. कागद जॅम झाला की टाइपरायटरला कुठे चापट मारायची, हेही त्यांना ठाऊक होतं. ते ज्ञान अर्थातच वाया गेलं. मग २००१ साली संगणक-साक्षरतेचं एमएस-सीआयटी आलं. प्रमाणपत्र नसेल तर वेतनवाढ अडकणार म्हटल्यावर अख्खी कचेरी संध्याकाळी माऊस धरायला शिकली. २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आलं आणि आता ‘एआय-सज्ज व्हा’ असं शिबिर. तिथल्या पडद्यावरच्या, एआयने काढलेल्या हसऱ्या कर्मचाऱ्याला सहा बोटं होती, पण वडे गरम असल्याने कुणी हरकत घेतली नाही.

भाऊसाहेबांनी घाबरत यंत्राला एक स्मरणपत्र लिहायला सांगितलं. त्याने ‘उपरोक्त विषयास अनुसरून’पासून ‘उचित कार्यवाहीस्तव सविनय सादर’पर्यंत सगळं चार सेकंदांत ओतलं. भाऊसाहेबांचा चेहरा खुलला. पोरगं आपल्यातलंच निघालं!

साहेबांनीही पाठ थोपटली. “छान. आता याच्या तीन प्रिंट काढा, जावक क्रमांक टाका आणि शिपायाबरोबर पाठवा.”

पत्र शेजारच्या टेबलावर जायचं होतं.