मनीचा वास आणि ओलं घोंगडं

फ्रान्सच्या ल्वार खोऱ्यात पांढऱ्या वाइनची दोन द्राक्षं राज्य करतात: सांसेरला सोविन्याँ ब्लाँ आणि व्हूव्रेला शेनाँ ब्लाँ. दोन्ही आंबट, दोन्ही खानदानी. जाणकारांनी पहिल्याला मांजरीच्या मुताची उपमा दिली आणि दुसऱ्याला ओल्या लोकरीची. हे गौरवोद्गार आहेत. निंदा समजणाऱ्याने आपलं नाक तपासून घ्यावं. शिवाय त्यांना शास्त्राचा आधार आहे. सोविन्याँमधल्या गंधकयुक्त संयुगांपैकी एखादं मांजरीच्या मुतातही खरोखर सापडतं. (कापलेलं गवत आणि ढोबळी मिरचीही हुंगायला मिळते, पण मिरची काय, घरच्या भाजीतही असते.) शेनाँ मध, सफरचंद असले बाळबोध वासही देते. खरा रसिक ते सोसतो आणि लोकरीची वाट पाहतो.

1990च्या दशकाच्या अखेरीस ही दोन्ही द्राक्षं नाशकात लावली गेली आणि आपली मोठीच सोय झाली. पावसाळ्यात चार दिवस न वाळलेलं घोंगडं नाकाशी धरलं, की निम्मा अभ्यासक्रम पुरा. उरलेल्यासाठी जिन्याखालची मनी आहेच, तीही विनाशुल्क. धनगरवाड्यांना तर तोंडी परीक्षा न घेता थेट पदव्या द्याव्यात.

फक्त एक पथ्य पाळा. पेला नाकाशी नेऊन ‘द्राक्षाचा वास येतोय’ असं चारचौघांत म्हणू नका. तो मान या शास्त्रात मस्कतसारख्या मोजक्या जातींसाठी राखीव आहे.