काळ्याखालचा हिरवा

रविवारी सकाळी साडेसहाला भिंगारमध्ये कुणी गुडघ्यांना चिलखत, कोपरांना चिलखत, जाड हातमोजे आणि कॅमेरा बसवलेलं हेल्मेट अशा थाटात घराबाहेर पडलं, की तो लष्करातला नाही हे खुशाल ओळखावं. लष्करातला असतो तो सायकलवर. आर्मर्ड कोअरचं सेंटर आमच्या शेजारी. आठवडाभर रणगाड्यांत घालवणारा जवान सुटीच्या दिवशी हँडलला भाजीची पिशवी अडकवून निवांत पेडल मारत जातो. चिलखतातला तो आमचा पुतण्या. तो निघालेला असतो करंजी घाटात, चहा प्यायला. तीसेक किलोमीटरवर!

"कुठं रे निघालास?"

"राइडला, काका."

आमच्या वेळी माणूस पाथर्डीला निघायचा, दवाखान्यात निघायचा, मयतीला निघायचा, फार तर मुलगी बघायला निघायचा. 'राइड' नावाचं गाव पाथर्डी रस्त्यावर मला तरी अजून लागलेलं नाही.

अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, बुलेट लष्करी लिलावातली. अण्णा कॅम्पातल्या कचेरीत कारकून. गाडी घरी आली तेव्हा ऑलिव्ह ग्रीन होती आणि तिची सीट पार फाटलेली होती. अण्णांनी पहिलं काम केलं ते म्हणजे तिला काळा रंग दिला. "उगाच लोकांना वाटायला नको, सरकारी गाडी घरी वापरतोय," हे त्यांचं कारण. नवरात्रात त्याच गाडीवरून आम्ही मोहटादेवीला जायचो. टाकीवर मी, मग अण्णा, मागे थोरला भाऊ, त्याच्यामागे एका बाजूला पाय सोडून आई, तिच्या मांडीवर धाकटी बहीण आणि बहिणीच्या मांडीवर नारळाची पिशवी. करंजी घाट लागला की टाकी अशी तापायची की परत येईपर्यंत माझी भक्ती मांड्यांत उतरलेली असायची. हेल्मेट नव्हतं असं नाही. होतं एक. आई त्यात कांदे ठेवायची.

खरा सोहळा असे तो गाडी चालू करण्याचा. आधी पेट्रोलचा कॉक. मग किक अलगद दाबत अ‍ॅमीटरचा काटा मध्यावर येईपर्यंत थांबायचं. मग डाव्या हाताचा डीकॉम्प्रेसर ओढून किक अगदी थोडी पुढे सरकवायची, सोडायची, वर येऊ द्यायची. आणि मग देवाचं नाव घेऊन सगळा देह तिच्यावर टाकायचा. यातलं काही चुकलं की किक उलटी यायची. अण्णांच्या उजव्या नडगीवर तिच्या तीन खुणा होत्या आणि प्रत्येकीची तारीख आईला पाठ होती. गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या. त्यामुळे दुसऱ्या कुणाची गाडी हातात आली की अण्णा ब्रेक समजून गिअर टाकायचे आणि समोरच्याला मनापासून 'सॉरी' म्हणायचे.

आमच्या पिढीच्या वाट्याला आली लुना. १९७२ सालचं हे अपत्य पुढे आमच्या नगरच्या कारखान्यात घडू लागलं, म्हणून तिच्याबद्दल वाईट बोलणं म्हणजे घरच्या माणसाची चहाडी. तरी सांगतो. पन्नास सीसीच्या त्या जिवावर मी कॉलेज केलं, नोकरी धरली आणि बायकोला पहिल्यांदा चांदबीबी महाल दाखवायला निघालो. पायथ्यापर्यंत लुना छान आली. चढ लागल्यावर मी पेडल मारू लागलो आणि आमची ही उतरून चालू लागली. वर ती माझ्याआधी पोहोचली. हे ती अजून पाहुण्यांना सांगते.

आम्हाला गाडीची सगळी दुखणी माहीत होती, याचा आम्हाला गर्व. प्लगमध्ये कचरा आला की काढायचा, पॉलिश पेपरने घासायचा, फुंकर मारायची. खिशात रुमाल नसला तरी चालेल, प्लगपाना हवा. पुतण्याच्या गाडीला पडदा आहे. तिला काय होतंय ते त्या पडद्यावर दिसतं, आणि मग तो फोन करतो.

एका रविवारी ती गाडी दारातच चालू होईना. सेल्फचं बटण दाबावं तर ढिम्म. पुतण्या चिलखतासकट घामाघूम. घाटात ग्रुप वाट बघतोय, फोन वाजतोय, हेल्मेटमधल्या ब्लूटूथवरून कुणीतरी त्याला बॅटरीवर व्याख्यान देतंय. मला अशी संधी पंचवीस वर्षांत आली नव्हती. मी आत जाऊन प्लगपाना घेऊन आलो. गाडीभोवती दोन प्रदक्षिणा घातल्या. प्लग कुठं असतो ते सापडलं नाही, पण ते मी चेहऱ्यावर दिसू दिलं नाही. "कचरा असणार," असं म्हणून ठेवलं.

तेवढ्यात एक जवान सायकलवरून चालला होता. पाय टेकवून त्याने क्षणभर आम्हा दोघांकडे पाहिलं. मग सायकलवरूनच हात लांब करून हँडलवरचं लाल बटण खटकन खाली केलं. शेजारच्या पोराने आदल्या संध्याकाळी खेळताना ते वर केलं होतं. गाडी चालू झाली. जवान काही न बोलता भाजी घेऊन निघून गेला.

त्या दिवसापासून पुतण्या आणि मी जरा समपातळीवर आलो आहोत. अण्णा गेल्यापासून मागच्या पडवीत पोत्याखाली असलेली बुलेट त्याने बाहेर काढली. टाकीला जिथे अण्णांचे गुडघे घासायचे, तिथला काळा रंग उडून दोन्ही बाजूंना तळहाताएवढा हिरवा वर आलाय. ते पाहून पोरगा हरखला. "काका, पूर्ण ऑलिव्ह ग्रीन करू या. ओरिजिनल!" जो रंग झाकायला अण्णांनी पदरचे पैसे घातले, तोच उघडा पाडायला हा पैसे घालणार. पेंटरने मात्र कानावर हात ठेवले. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२१ वा नियम सांगतो की संरक्षण खात्याखेरीज कुणाच्याही गाडीला ऑलिव्ह ग्रीन रंग देता येत नाही. तेव्हा रंग काळाच दिला. गुडघ्यांच्या जागा मी पेंटरला सोडायला सांगितल्या.

गाडी घरी आली आहे, पण चालू करायला कुणी नाही. पुतण्या बटण शोधतो, आणि माझे गुडघे डॉक्टरांच्या ताब्यात आहेत. बुलेटची किक जमणारा कुणी वाचक आसपास असेल, तर त्याने रविवारी सकाळी साडेसहाच्या आत यावं. चहा करंजी घाटात.