ज्योत पुढच्याच्या हाती द्या

शिवज्योत नेताना पाय दुखावला तरी पळतच राहायचं, ही मर्दुमकी आता पुरे. हे मी जुन्नर-आंबेगावातल्या सगळ्याच मंडळांना सांगतोय, पण आधी महाळुंगे पडवळच्या पोरांना. त्यांच्या पायांत दम आहे, आणि दम असलेल्यांचेच पाय आपण सगळ्यात आधी कामातून घालवतो.

रिवाज नवा नाही. १९ फेब्रुवारी असो की फाल्गुन वद्य तृतीया, शिवनेरीवर मशाल पेटते आणि गावोगावची पोरं ती पळत आपापल्या गावी नेतात. महाळुंग्याला यायचं तर जुन्नर, नारायणगाव, कळंब असा रस्ता. पुढे मोटारसायकली, मागे टेम्पो, डोक्याला भगवे फेटे आणि बरेच जण अनवाणी. रात्रीचं गार डांबर, त्यावर सांडलेली बारीक खडी, शेजारून पुणे-नाशिक महामार्गाची अवजड वाहनं. वर्षभर ज्यानं गावच्या वेशीपर्यंतही पळून पाहिलेलं नसतं, तोही त्या रात्री छाती फुटेस्तोवर पळतो. भक्ती शंभर नंबरी, तयारी शून्य. दुसऱ्या दिवशी कुणाची पोटरी धरलेली, कुणाच्या टाचेला चीर, कुणाचा घोटा भाकरीएवढा सुजलेला. वर्षभर पळणाऱ्यांची गत तर आणखी वाईट, कारण मधल्या टप्प्यातला कुणी दमला की त्याचाही टप्पा तेच पळतात.

अरे, मशाल एका हातातून दुसऱ्या हातात जाते ती कशासाठी? एकानं मरेस्तोवर पळू नये म्हणूनच ना! प्राचीन अथेन्समध्ये मशालींची शर्यत व्हायची. धावणारे आपली मशाल पुढच्याच्या हाती देत जायचे आणि ज्याची ज्योत पेटती राहून पहिली पोचेल, तो संघ जिंकायचा. सगळा जीव त्या हवाली करण्यात. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या पुरुषांच्या आणि महिलांच्याही ४ बाय १०० मीटर रिले संघांनी अंतिम फेरीआधीच बॅटन पाडला. पळण्यात ते कमी नव्हते, देण्याघेण्यात चुकले. उलट २०२३ च्या ऑगस्टमध्ये बुडापेस्टला आपल्या मुहम्मद अनस, अमोज जेकब, मुहम्मद अजमल आणि राजेश रमेश या चौघांनी ४ बाय ४०० मीटरची प्राथमिक फेरी २ मिनिटे ५९.०५ सेकंदांत संपवली. अमेरिकेच्या पाठोपाठ दुसरे, आणि तेव्हाचा आशियाई विक्रम. बॅटन म्हणजे जेमतेम ३० सेंटिमीटरची पोकळ नळी. ती नीट देता-घेता यावी म्हणून चार-चार माणसं महिनोन् महिने सराव करतात. आपल्याकडे पेटती मशाल, तेल सांडणारी, काळोखात, रहदारीत. आणि देण्याघेण्याचा सराव? एकदाही नाही.

दुखतंय हे पोरगं सांगत का नाही, हे समजून घ्यायला हवं. महाळुंग्यात काय, घोडेगावात काय, पहाटे रस्त्यावर दिसणारी निम्मी पोरं भरतीची असतात. पोलीस शिपाई भरतीत मैदानी चाचणीला ५० गुण. त्यातले २० एकट्या १६०० मीटरला, आणि ते पुरते मिळवायचे तर ५ मिनिटे १० सेकंदांच्या आत यावं लागतं. मुलींना ८०० मीटर. दोन सेकंद इकडचे तिकडे झाले की गुण गेले, गुण गेले की वर्ष गेलं, आणि दोन वर्षं गेली की घरात लग्नाचा नाहीतर कर्जाचा विषय निघतो. अशा पोराला ‘आठ दिवस पळू नको’ म्हणणं सोपं नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. म्हणून तो स्प्रे मारतो, क्रेप बँडेज आवळतो, गोळी खातो, कुणाच्या तरी सांगण्यावरून इंजेक्शन घेतो आणि पुन्हा डांबरावर उतरतो. ही पोरं त्या दुखण्याला ‘शिनपेन’ म्हणतात. म्हणजे नडगीच्या आतल्या कडेनं, गुडघ्याखाली, लांबवर पसरलेली ठणक.

आणि डांबरच का? कारण उसाच्या कडेची मऊ पायवाट बिबट्यानं बंद केली आहे. जुन्नर वनविभागातला कुठलाही बाप पोराला पहाटे पाचला उसाशेजारी एकटं पळू देणार नाही, आणि देऊ नयेच. मग उरतो कडक, एका बाजूला उतरता, दिवे असलेला रस्ता. रोज त्याच बाजूनं, त्याच झिजलेल्या बुटांनी. नडगी कुरकुरणार नाही तर काय? शाळेचं मैदान पहाटे दिवे लावून उघडं ठेवायला ग्रामपंचायतीला फार मोठा निधी लागत नाही. मनात आणलं तर महिन्याभरात होईल.

दुखणं ओळखायला शिका. नडगी लांबवर ठणकत असेल आणि अंग गरम झाल्यावर कमी होत असेल, तर पळणं कमी करून, जमीन बदलून ती बहुधा आटोक्यात येते. पण एका बोटानं दाबून ‘इथेच’ म्हणता येईल अशी हाडावरची जागा असेल, एका पायावर उडी मारताच कळ येत असेल, रात्री पडल्या पडल्याही दुखत असेल, तर हाडाला बारीक चीर गेलेली असू शकते. तेव्हा पळणं त्याच दिवशी बंद. मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयात जाऊन दाखवा. एक मात्र ध्यानात ठेवा. अशी चीर पहिले दोन-तीन आठवडे साध्या एक्स-रेत पुष्कळदा दिसतच नाही. ‘फोटो क्लिअर आहे’ म्हणून पुन्हा पळायला लागलेली पोरं पुढे सरळ प्लॅस्टरमध्ये जातात. वेदना मारणारी गोळी हाड जोडत नाही. हाड ओरडतंय ते ऐकू येऊ नये एवढीच सोय करते.

इथवर वाचून घरातले म्हणतील, म्हणजे पडून राहा! नाही, तेही नको. पोरगं लंगडत आलं की आई खाट टाकते, त्याच्या हातात मोबाइल येतो आणि महिना जातो. दोन-तीन आठवडे अंग पुरतं थंड ठेवलं की दमसास उतरू लागतो. कमावलेलं हातचं जातं आणि मग ते एकदम परत मिळवायच्या घाईत तोच पाय पुन्हा मोडतो. दुखरी जागा सोडून बाकीचं शरीर कामाला लावायचं, हा खरा उपाय.

घरात जुनी सायकल पडलेली असतेच. तिची चेन तेल घालून सरळ करा आणि कळंबपर्यंत जाऊन या. नडगीवर दणका बसत नाही, छाती मात्र तेवढीच भरते. दम लागला पाहिजे, दुखलं नाही पाहिजे, इतका साधा हिशेब. दुसरा उपाय पाण्याचा. गळाभर पाण्यात, तळाला पाय न टेकवता, उभ्यानं पळण्याच्या हालचाली करायच्या. मोठमोठे धावपटू दुखापतीत हेच करतात. इथली पोरं विहिरीत पोहायला शिकलेली, त्यांना हे अवघड नाही. पाठीला डबा बांधा, काठावर पोहणारा माणूस आणि हाताशी दोर ठेवा. कालव्यात मात्र कुणी उतरायचं नाही. कालव्याच्या ओढीपुढे पट्टीचे पोहणारे हरतात आणि सिमेंटच्या उतारावर हाताला धरायला काही नसतं.

टाचेच्या वरची शीर दुखत असेल तर एक पायरी पुरते. स्वीडनचे हाडांचे डॉक्टर हाकन आल्फ्रेडसन यांनी १९९८ साली हे दाखवून दिलं. स्वतः त्यांचीच टाचेची शीर दुखत होती. पायरीच्या कडेला चवड्यावर उभं राहायचं, दुखऱ्या पायाची टाच हळूहळू खाली सोडायची, वर येताना दुसऱ्या पायाचा आधार घ्यायचा. पंधरा-पंधराच्या तीन फेऱ्या, दिवसातून दोनदा, बारा आठवडे. त्यांच्या अभ्यासातले पंधराही धावणारे पुन्हा पळू लागले. दुखणं अगदी खाली, टाचेच्या हाडाशी असेल तर टाच पायरीच्या खाली सोडू नका, सपाट जमिनीपर्यंतच थांबा. ओसरीची पायरी प्रत्येकाच्या घरी आहे. बारा आठवड्यांचा धीर किती जणांकडे आहे?

आता घरातल्या कामाचं. इथे मला थोडं कडक बोलायचंय. पोराचा पाय दुखावला की त्याला पाण्याचा तांब्यासुद्धा हातात मिळतो. त्याच घरातली पोरगी भरतीची तयारी करत असेल आणि तिची नडगी दुखत असेल, तर तिची ‘विश्रांती’ म्हणजे पळायला जायचं नाही आणि त्या वेळेत भांडी, धुणं, गोठा करायचा. उकिडवं बसून. गुडघा दुखत असेल तरी उकिडवं बसूनच. एकाला नको इतका आराम आणि दुसरीला मुळीच नाही. दोघांचेही पाय त्यामुळे उशिरा बरे होतात आणि यात शास्त्र कुठेच नाही, सवय आहे.

कामं वाटून द्या, पाय बघून द्या. बराखीतला कांदा निवडायला दुखरी नडगी आड येत नाही. खुर्चीवर नाहीतर पालथ्या क्रेटवर बसून तो निवडता येतो. टोमॅटोची प्रतवारी बसून होते. भिंतीचा खालचा भाग रंगवता येतो, खाटेची नवार आवळता येते, ठिबकच्या नळ्या साफ करता येतात, मोटारीच्या स्टार्टरची पेटी पुसून नीट लावता येते. पीठ मळायला बसवलं तरी पोरगं मरत नाही, उलट मनगटं तयार होतात आणि भरतीतल्या गोळाफेकीला ती लागतातच. मात्र पावसाळ्याआधी पत्र्यावर चढणं, कौलं चाळणं, शिडीवरून टाकी धुणं ही कामं सुजलेल्या घोट्याला देऊ नका. शिडीवरून पडून पाय मोडलेल्यांची हकिगत प्रत्येक वाडीत सापडते. नडगीला पाठीवरची गोणी नको, गुडघ्याला उकिडवी खुरपणी नको. एवढं पथ्य पाळलं तर घर नीटनेटकं होईल आणि शरीर गंजणार नाही. पोरगं चार माणसांत राहील, हा त्याहून मोठा लाभ. दुखापतीत पाय बरा होतो हो, मन कुजतं. जोडीची पोरं पहाटे दारावरून पळत जाताना ज्याला खाटेवर पडून ऐकावं लागतं, त्याला विचारा.

आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेचं पाहा. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसचं सुवर्ण मिळवणारा हा गडी जुलै २०२५ मध्ये मोनॅकोच्या शर्यतीत पाण्याच्या अडथळ्यापाशी पडला, गुडघ्याचा लिगामेंट गेला, शस्त्रक्रिया झाली. देशातला सर्वांत मोठा स्टीपलचेस धावपटू थांबतो, उपचार घेतो, पायरी पायरीनं परत यायचा विचार करतो. मग गावातल्या पोरानं थांबायला लाज का वाटून घ्यावी?

महाळुंग्यात यावर एक उत्तर हमखास येतं : हे बाबू गेनूचं गाव आहे, इथले लोक मागे हटत नाहीत. त्या नावापुढे माझंही मस्तक लवतं. १२ डिसेंबर १९३० ला मुंबईत काळबादेवीला परदेशी कापडाच्या लॉरीपुढे आडवा झालेला बावीस वर्षांचा गिरणी कामगार. डिंभे धरणाच्या जलाशयाला त्याचं नाव आहे ते उगीच नाही. पण त्यानं जीव दिला तो कशापायी, हे त्याला लख्ख ठाऊक होतं. रात्री एकच्या टप्प्यावर टेम्पोत चढायची लाज वाटते म्हणून नडगीचं हाड चिरून घेणं आणि ते बलिदान एका ओळीत बसवू नका. त्या नावाचा असा वापर गावानंच थांबवायला हवा.

मंडळाच्या कार्यकर्त्यांनो, पुढच्या ज्योतीची यादी आजच करायला घ्या. प्रत्येक टप्प्याला दोन नावं लिहा, एक पळणारा आणि एक बदली. टप्पे एक-दोन किलोमीटरचे ठेवा. बूट घालायला बंदी करू नका. अनवाणी पळायचंच असेल तर आधी दोन महिने गवतावर, मातीवर पावलं तयार करा. मशाल देण्याघेण्याचा सराव १२ डिसेंबरला हुतात्मा स्मृतिदिनी दिवसाउजेडी, गावातल्या गावात करा, आणि त्यात पोरींनाही टप्पे द्या. पाय दुखावलेल्याला घरी पाठवू नका. वेळ नोंदवायला, तेल भरायला, मागच्या गाड्यांना बॅटरी दाखवायला टेम्पोत घ्या, आणि गावात ज्योत आली की त्याचंही नाव पळणाऱ्यांच्या यादीतच वाचा.