करंगळी, कोठा आणि घोडी

रजोनिवृत्ती म्हणजे सलग बारा महिने पाळी न येणे. व्याख्या सोपी आहे, पण अकराव्या महिन्यात पाळी एकदा डोकावून गेली की मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. भारतात हे साधारण ४६-४७ व्या वर्षी घडते, पाश्चात्त्य देशांत ५१ च्या आसपास. घाम, उष्णतेचे झटके, चिडचीड, झोपमोड यांवर आता मैत्रिणींत बोलले जाते, पुरवण्यांतही छापले जाते. कंबरेखाली मात्र चर्चा उतरत नाही. मराठीने लघवीसाठी करंगळी दिली आहे आणि शौचासाठी ‘पोट साफ होणे’. शाळेत दोन्हींना नंबर आहेत. पन्नाशीच्या बाईला डॉक्टरांपुढे करंगळी दाखवता येत नाही, नंबरही सांगता येत नाही. मग ‘शिंकले की जरा... होते’ असे एक वाक्य उच्चारले जाते, ज्यात कर्ता नसतो, कर्म नसते आणि क्रियापद जमिनीकडे बघत असते.

ओटीपोटाची रचना जुन्या चाळीसारखी आहे. पुढच्या खोलीत मूत्राशय, मधल्या खोलीत गर्भाशय आणि योनिमार्ग, मागच्या खोलीत गुदाशय. भिंती पातळ, आणि तिन्ही बिऱ्हाडांना खालून तोलून धरणारी स्नायूंची झोळी एकच. मूत्राशयात ४०० ते ५०० मिलिलिटर मावते, पण १५० ते २०० भरले की ते पहिली सूचना देते. ही सूचना म्हणजे नोटीस नव्हे, नुसते स्मरणपत्र. मूत्रनलिका जेमतेम ४ सेंटिमीटरची. तिच्या आतले अस्तर मऊ, घडीदार आणि रक्ताने फुगलेले असते. नळातल्या वॉशरने करावे ते काम ते करते. या अस्तराला, स्नायूंना आणि योनिमार्गाला इस्ट्रोजेनची सवय लागलेली असते. इस्ट्रोजेनचा पुरवठा आटला की वॉशर सुकतो आणि नळ ठिबकू लागतो. त्याच वेळी योनिमार्गातले लॅक्टोबॅसिलस हे सज्जन जंतू घटतात, तिथली आम्लता कमी होते आणि एरवी मागच्या खोलीत राहणारे जंतू पुढच्या खोलीत ये-जा करू लागतात. त्यामुळे जळजळ होते, वारंवार संसर्ग होतो.

या सगळ्याला २०१४ पर्यंत वैद्यकशास्त्रात जे नाव होते त्यात फक्त योनीचा उल्लेख होता, मूत्राशयाचा पत्ताच नव्हता. त्या वर्षी दोन आंतरराष्ट्रीय वैद्यकीय संस्थांनी मिळून नाव बदलले आणि मूत्रमार्गालाही त्यात जागा दिली. बदलाचे आणखी एक कारण होते: ‘योनी’ हा शब्द चारचौघांत चालत नाही. म्हणजे करंगळीचा प्रश्न केवळ मराठीचा नाही.

गळतीचे मुख्य प्रकार दोन. पहिला दाबाचा. खोकला, शिंक, मनसोक्त हसू, भरलेली बादली उचलणे किंवा मिरचीच्या फोडणीचा ठसका, यांपैकी काहीही चालते. इंग्रजीत याला ‘स्ट्रेस’ म्हणतात आणि त्यातून घरोघरी गैरसमज होतो. डॉक्टरांनी स्ट्रेसमुळे होते असे सांगितले, हे ऐकून नवरा म्हणतो, “अगं, तुला कसला आलाय स्ट्रेस?” यानंतर जो स्ट्रेस येतो तो मात्र मानसिक असतो. दुसरा प्रकार घाईचा. बाजारातून परत येईपर्यंत सगळे ठीक असते, पण स्वतःच्या दाराशी किल्ली कुलपात शिरली की मूत्राशय आतल्या आत टाळ्या पिटू लागते. किल्ली, घराचे दार, नळाचा आवाज या खुणा त्याने पाठ केलेल्या असतात. पुष्कळ जणींना दोन्ही प्रकार एकत्र मिळतात.

येथे संप्रेरकांचा प्रवेश होतो, तोही घोडीवर बसून. कंजुगेटेड इस्ट्रोजेनच्या गोळ्या अमेरिकेत १९४२ मध्ये बाजारात आल्या, आणि त्यांचे ‘प्रेमारिन’ हे नाव गाभण घोडीच्या मूत्राच्या इंग्रजी नावातले तुकडे जोडून बनवले होते. औषध खरोखरच त्यातून काढलेले होते. गोमूत्राचे नाव काढले की नाक मुरडणाऱ्या किती सुशिक्षित बायकांनी पुढच्या साठ वर्षांत ते रोज पाण्याबरोबर घेतले असेल याचा हिशेब न केलेला बरा. गोळीने घाम आणि झटके नक्की कमी होत. तेव्हा लघवीची तक्रारही तीच गोळी निस्तरेल, असे धरून चालण्यात गैर काही दिसत नव्हते.

मग ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ हा अमेरिकेतला मोठा अभ्यास आला. त्यातल्या संप्रेरकांच्या दोन चाचण्यांत मिळून २७ हजारांहून अधिक स्त्रिया होत्या. स्तनाचा कर्करोग, हृदयविकार आणि गुठळ्या यांच्या धोक्यामुळे इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिनची चाचणी २००२ मध्ये थांबवावी लागली, ही बातमी जगभर गाजली. २००५ मध्ये त्याच अभ्यासातून आलेली दुसरी बातमी तेवढी गाजली नाही, कारण ती करंगळीची होती. सुरुवातीला ज्यांना गळतीचा त्रास नव्हता, अशांपैकी गोळी घेणाऱ्या स्त्रियांत वर्षभरात दाबाच्या गळतीचे प्रमाण न घेणाऱ्यांच्या जवळपास दुप्पट भरले. लघवीतून आलेले औषध लघवीच्याच बाबतीत उलटले. या स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते आणि गोळी एका विशिष्ट जातीची होती, हे लक्षात ठेवले पाहिजे. पण फक्त गळतीसाठी पोटातून संप्रेरके घेऊ नयेत, हा निष्कर्ष आजही टिकून आहे. झटक्यांसाठी घ्यायला हरकत नाही, आणि त्यात एक आडवळणाचा फायदाही आहे. पुष्कळदा बाईला रात्री उठवतो तो झटका. जाग आलीच आहे म्हणून मूत्राशय आपला अर्ज पुढे सरकवते. झटके थांबले तर अर्ज सकाळपर्यंत पडून राहतो.

सुकलेल्या वॉशरला खरा उपयोग होतो तो जागेवर लावायच्या इस्ट्रोजेनचा, म्हणजे योनिमार्गात लावायच्या मलमाचा किंवा गोळीचा. पहिले दोन आठवडे रोज, मग आठवड्यातून दोनदा, असा साधारण क्रम असतो. १० मायक्रोग्रॅमच्या योनीगोळीचा वर्षभराचा हिशेब मांडला तर एकूण इस्ट्रोजेन १.१४ मिलिग्रॅम भरते. तोंडाने घ्यायची १ मिलिग्रॅमची गोळी एका दिवसात जवळपास तेवढे देते. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत वारंवार संसर्ग होणाऱ्या ९३ स्त्रियांपैकी एस्ट्रिऑलचे मलम लावणाऱ्यांना वर्षाला सरासरी अर्धा संसर्ग झाला, औषध नसलेले नकली मलम लावणाऱ्यांना जवळपास सहा. घाईच्या लघवीलाही मलमाने उतार पडतो, मात्र त्याला आठवडे लागतात. घराघरांतला अनुभव असा की मलम तिसऱ्या दिवशी ‘लागू पडले नाही’ म्हणून कपाटात जाते, किंवा पेटीतले माहितीपत्रक वाचून त्याआधीच.

मलमाला जे जमत नाही ते झोळीच्या स्नायूंना करावे लागते. अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये या स्नायूंच्या व्यायामावर लेख लिहिला आणि व्यायामाला त्यांचे नाव चिकटले. योगाभ्यासकांनी यावर मंद स्मित करावे. घेरंड संहितेत अश्विनी मुद्रा आहेच: गुदद्वाराचे स्नायू पुन्हा पुन्हा आवळायचे आणि सोडायचे, जसे घोडा करतो तसे. या प्रकरणातून घोडा काही जात नाही. कृती अशी: वायू आणि लघवी एकदमच रोखायची आहे असे समजून आत-वर आवळावे, दहापर्यंत मोजता येईल तितके मोजावे, पूर्ण सोडावे. असे आठ-दहा वेळा, दिवसातून तीनदा, किमान तीन महिने. श्वास रोखू नये, पोट आणि नितंब आवळू नयेत, आणि लघवी चालू असताना मध्येच तोडून सराव करू नये. व्यायाम बाहेरून दिसत नाही हा त्याचा मोठा गुण. सत्यनारायणाच्या कथेत साधुवाण्याची नौका बुडेपर्यंत एक फेरी सहज होते. फक्त भुवया जागेवर ठेवाव्या लागतात. काहींचे स्नायू ढिले नसून उलट आखडलेले असतात. त्यांनी आवळत बसण्याआधी या विषयातल्या फिजिओथेरपिस्टला दाखवावे.

मूत्राशयाला शिस्त लावण्यापूर्वी ते कसे बिघडले ते पाहावे. मराठी घरातून बाहेर पडण्याचा एक विधी आहे: गॅस बंद, गीझर बंद, देवापुढचे निरांजन शांत, आणि “निघायच्या आधी एकदा जाऊन ये.” लागलेली नसताना केवळ सावधगिरी म्हणून जात राहिले की मूत्राशयाला १०० मिलिलिटरवरच हाक मारायची सवय जडते. ती मोडण्यासाठी तीन दिवस डायरी ठेवावी: किती प्यायले, किती वाजता गेले, किती झाले. त्यासाठी मापाचे भांडे लागते. ते स्वयंपाकघरातून उचलू नये. मग दर आठवड्याला दोन फेऱ्यांमधले अंतर १५ मिनिटांनी वाढवावे. घाई झाली की धावू नये, उभे राहावे, चार-पाचदा झटपट आवळावे आणि मन दुसरीकडे गुंतवावे. त्यासाठी एकोणतीसचा पाढा उत्तम. दोनशे बत्तीसच्या पुढे सरकताना इतके लक्ष लागते की लाट ओसरून जाते.

आता कोठा. मागच्या खोलीचा त्रास पुढच्या खोलीला होतो, हे चाळीत राहिलेल्यांना सांगावे लागत नाही. भरलेला गुदाशय मूत्राशयाला ढकलतो, आणि रोज कुंथून झोळी आणखी सैल होते. त्यात झटक्यांसाठी इस्ट्रोजेन घेणाऱ्यांपैकी ज्यांना गर्भाशय आहे त्यांना त्याबरोबर प्रोजेस्टेरॉनही द्यावे लागते, नाहीतर गर्भाशयाचे अस्तर वाढत जाते. प्रोजेस्टेरॉन गुळगुळीत स्नायूंना सैलावते, आणि आतडे हा तसलाच स्नायू. गरोदरपणात कोठा का जड झाला होता ते पंचवीस वर्षांनी पुन्हा कळते, फक्त या वेळी डोहाळजेवण नसते. भरीस भर म्हणून हाडांसाठी कॅल्शियम आणि रक्तासाठी लोह, दोन्ही बहुधा एकाच डबीत. तीही मलावरोधाला हातभार लावतात. पोट फुगते, साडी नेहमीच्या जागी बसत नाही, आणि दोष वजनाला जातो.

यात सर्वांत घातक उपाय बायका स्वतः शोधून काढतात: पाणी कमी पिणे. पाणी कमी झाले की लघवी गडद आणि तिखट होते, मूत्राशय जास्तच चिडते. मळ कडक होतो, गुदाशय भरतो, मूत्राशयावर रेलतो. म्हणजे घोटभर पाणी वाचवून दोन बिऱ्हाडांत भांडण लावले. पाणी दिवसभरात थोडे थोडे प्यावे, संध्याकाळनंतर हात आखडता घ्यावा. पाय सुजत असतील तर ते दुपारीच तासभर उंच ठेवावेत, कारण दिवसा पायांत साचलेले पाणी रात्री आडवे झाल्यावर मूत्रपिंडांकडे निघते.

इसबगोल, ज्याची मोठी बाजारपेठ गुजरातेत उंझ्याला आहे, हे दुर्मीळ न्यायी औषध आहे: कडक मळ मऊ करते आणि पातळ घट्ट करते. पण ते पेलाभर पाण्याबरोबरच घ्यावे, नाहीतर आत लगदा होऊन बसते. चहाचा न्याय मात्र वेगळा. सकाळचा गरम कप आतड्याला जागे करतो आणि त्यातले कॅफीन मूत्राशयाला चाबूक मारते. म्हणून पहिला कप राहू द्यावा, चौथा सोडावा. बसण्याच्या बाबतीत उकिडवे बसणे शरीराला सोयीचे, कारण त्या स्थितीत गुदाशयाला आवळून धरणारा स्नायू सैल पडतो आणि वाट सरळ होते. गुडघे नाही म्हणत असतील तर कमोडवर बसून पायांखाली पाट घ्यावा. एके काळी जेवायला बसण्यासाठी लागणारा पाट डायनिंग टेबलामुळे निवृत्त झाला होता, त्याला अशी दुसऱ्या टोकाची नोकरी मिळते.

घाईच्या लघवीसाठी डॉक्टर ऑक्सिब्युटिनिन, टॉल्टेरोडिन, सॉलिफेनॅसिन अशा गोळ्या देतात. त्या मूत्राशयाला शांत करतात आणि जाता जाता आतड्यालाही झोपवतात. तोंड कोरडे पडते, म्हणून पाणी प्यावेसे वाटते, म्हणून... मिराबेग्रॉन हे औषध या बाबतीत सौम्य, पण रक्तदाबावर लक्ष ठेवावे लागते. कोठा आधीच जड असेल तर तो गोळी लिहून घेण्यापूर्वीच सांगावा. डॉक्टर बहुधा विचारत नाहीत, आणि बाई सांगत नाही.

काही गोष्टींत विनोदाला जागा नाही. पाळी गेल्यानंतर पुन्हा रक्त दिसणे, लघवीतून किंवा शौचातून रक्त जाणे, शौचाची सवय कित्येक आठवडे बदललेली राहणे, यांत डॉक्टर लागतात, मैत्रीण नव्हे. पोट सतत फुगलेले, चार घासांत भरणारे आणि लघवी वारंवार, असे या वयात नव्याने सुरू झाले तर ‘गॅस’ म्हणून सोडू नये. बीजकोशाचा कर्करोगही असाच दबक्या पावलांनी येतो, सोनोग्राफी करून घ्यावी. सारखी लघवी होते म्हणजे वय झाले असे ठरवण्याआधी लघवी आणि रक्तातली साखर तपासावी. खाली काहीतरी उतरल्यासारखे वाटत असेल, म्हणजे ‘अंग बाहेर येत’ असेल, तर त्याला आधार देणारी कडी मिळते. शस्त्रक्रिया हा एकच मार्ग नाही. स्तनाचा कर्करोग, रक्ताच्या गुठळ्या, पक्षाघात किंवा यकृताचा आजार होऊन गेला असेल तर संप्रेरकांचा निर्णय शेजारणीच्या अनुभवावर घेऊ नये.

उरला घराबाहेरचा प्रश्न. मुंबईच्या लोकलमध्ये शौचालय नसते. नाटकाच्या मध्यंतरात बायकांची रांग दुसऱ्या अंकाचा पडदा उघडला तरी संपत नाही. एसटीचा वाहक ‘गाडी दहा मिनिटं थांबेल’ म्हणतो ती त्याच्या चहाची दहा मिनिटे असतात. मुंबईत २०११ मध्ये महिलांसाठी मोफत आणि स्वच्छ मुताऱ्यांची मागणी करणारी ‘राइट टू पी’ चळवळ सुरू झाली. पुण्याच्या ‘मिळून साऱ्याजणी’ या संस्थेने मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली आणि २०१५ मध्ये न्यायालयाने महापालिकांना महिलांसाठी शौचालये उभारण्याचे आदेश दिले. त्यानंतर काही ठिकाणी ती झालीही. अशा एखाद्या नव्याकोऱ्या शौचालयाला कुलूप असते आणि किल्ली समोरच्या पानवाल्याकडे. तो जेवायला गेलेला असेल तर एकोणतीसचा पाढा पुन्हा पहिल्यापासून.